साधू, सैतान आणि विजेची तार

गेली काही वर्षे आपल्याकडे एका नव्या साधुपुरुषाची आरती सुरू झाली आहे. त्याचे नाव निकोला टेस्ला. महाविद्यालयांतील मुलांच्या सदऱ्यांवर त्याचे चित्र झळकते, व्याख्यानमालांतून त्याचे आख्यान लागते, आणि स्वामी विवेकानंदांची व त्याची १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये भेट झाली होती ही गोष्ट खरी असल्यामुळे आपल्या भक्तीला वेदान्ताचाही टेकू मिळाला आहे. आख्यानाचा थाट अगदी कीर्तनाचा असतो. पूर्वरंगात वीज म्हणजे काय ते थोडक्यात आटोपायचे आणि उत्तररंगात कथा लावायची. १८८४ साली एक बुद्धिमान, निर्धन तरुण अमेरिकेत उतरतो. एडिसन नावाच्या धनलोभी कारखानदाराकडे चाकरी धरतो. हा एडिसन जगाला डी.सी. म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, कुचकामी प्रवाह विकत असतो. तरुणाला साक्षात्कार झालेला असतो ए.सी.चा, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या प्रवाहाचा. मग एडिसन चिडतो, ए.सी.ला बदनाम करण्यासाठी कुत्री मारतो, घोडा मारतो, शेवटी एका हत्तिणीचाही जीव घेतो. पण अखेर सत्याचा जय होतो, नायगाराचा धबधबा ए.सी. देऊ लागतो, आणि आपला साधू पैशाकडे पाठ फिरवून १९४३ साली एका हॉटेलच्या खोलीत एकाकी देह ठेवतो. हेचि दान देगा देवा!

ही कथा नुसती चुकीची असती तर तिच्यावर एवढी पाने खर्चण्याचे कारण नव्हते. चुकीच्या पुष्कळ कथा आपण सुखाने बाळगून आहोत. पण ह्या कथेने आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली आहे. ती अशी की, वीज दूर कशी न्यावी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एकदाचा सुटला. तो सत्याने सोडवला. आणि आता त्यात विचारण्यासारखे काही उरले नाही. त्याचा परिणाम आपण आपल्याच शेतात भोगतो आहोत. चंद्रपूरहून निघालेली तार साडेसातशे किलोमीटर जाऊन पडघ्याला उतरते, तिच्यातून डी.सी. वाहतो, म्हणजे कथेतला हरलेला सैतानच वाहतो, आणि ती ज्यांच्या शिवारावरून जाते त्यांना ‘हे असे का?’ एवढेही विचारावेसे वाटत नाही. विचारले तर मिळणारे उत्तर तपासून पाहण्याचे साधन हाती नाही. हातात आहे ते फक्त आख्यान.

तेव्हा आधी आख्यानाचा निकाल लावू.

हत्तिणीपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांना पाठ असते. टॉप्सी नावाची ही हत्तीण ४ जानेवारी १९०३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर मारण्यात आली. ती उपद्रवी ठरली म्हणून तिच्या मालकांनी तिला मारली. एडिसनच्या नावाच्या चित्रपट कंपनीने त्याचे चित्रण केले हे खरे; पण त्याआधी अकरा वर्षे, १८९२ साली, एडिसनची वीज कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली होती आणि ह्या धंद्यातून एडिसनचा पाय निघालेला होता. जनरल इलेक्ट्रिक तर स्वतःच ए.सी.ची यंत्रे विकत होती. म्हणजे ज्या युद्धासाठी हत्तीण मारली म्हणतात, ते युद्ध तेव्हा संपून दहा वर्षे झाली होती.

याचा अर्थ एडिसन धुतल्या तांदळासारखा होता असा नव्हे. १८८८ साली हॅरल्ड ब्राऊन नावाच्या माणसाने ए.सी.चा धक्का देऊन कुत्री, वासरे, घोडा मारून दाखवले, आणि त्यासाठी एडिसनची प्रयोगशाळा त्याला मोकळी होती. १८९० च्या ऑगस्टमध्ये ऑबर्नच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर पहिला माणूस मारला गेला तो वेस्टिंगहाउसच्या ए.सी. जनित्राने, वेस्टिंगहाउसची इच्छा नसताना ते जनित्र तेथे पोहोचेल अशी तजवीज करण्यात आली होती. पहिल्या धक्क्याने माणूस मेला नाही, दुसरा द्यावा लागला. हा प्रकार किळसवाणा होता व त्याची जबाबदारी एडिसनच्या बाजूवर आहे. पण लक्षात घ्या, हे भांडण एडिसन आणि वेस्टिंगहाउस ह्या दोन व्यापाऱ्यांचे होते. टेस्ला त्यात कुठे आहे? त्याने मे १८८८ मध्ये अमेरिकन विद्युत् इंजिनियरांपुढे आपल्या मोटरीवर व्याख्यान दिले, त्याच उन्हाळ्यात वेस्टिंगहाउसने त्याचे हक्क विकत घेतले. मोटर थोर होती, तिच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. आज गावोगाव विहिरीवर जो पंप फिरतो तो त्याच कुळातला आहे. पण फिरत्या चुंबकक्षेत्राची तीच कल्पना इटलीत तुरिनच्या गालिलेओ फेरारिसला स्वतंत्रपणे सुचलेली होती, आणि त्यानेही ती १८८८ मध्येच प्रसिद्ध केली.

शिवाय मोटर म्हणजे वहन नव्हे. ए.सी. दूर नेता येतो तो ट्रान्स्फॉर्मरमुळे, आणि ट्रान्स्फॉर्मर टेस्लाचा नाही. गोलार आणि गिब्ज ह्या जोडीने तो लंडनमध्ये आणि तुरिनमध्ये मांडला. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी ह्या तिघांनी त्याला चांगले रूप दिले. १८८६ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन गावात विल्यम स्टॅन्लीने त्याच्या जोरावर दुकाने उजळली. आणि ए.सी. खरोखर लांब जाऊ शकतो हे सिद्ध झाले ते नायगारावर नव्हे. ते जर्मनीत झाले, १८९१ साली. लाउफेन येथील पाण्यावर निर्माण केलेली वीज १७५ किलोमीटरांवरील फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात आणण्यात आली, आणि सुमारे तीन चतुर्थांश वीज दुसऱ्या टोकाला सुखरूप पोहोचली. हे काम दोलिवो-दोब्रोव्होल्स्की आणि ब्राउन ह्या इंजिनियरांचे. पण त्यांचे चित्र सदऱ्यावर छापून कोण घालणार? एवढी लांब नावे मावायचीही नाहीत.

नायगाराचे तर आणखी गमतीचे आहे. १८९५ साली तेथील केंद्र सुरू झाले तेव्हा त्याची पहिली मोठी गिऱ्हाईक होती ॲल्युमिनियम करणारी कंपनी. ॲल्युमिनियम काढायला लागतो डी.सी. तेव्हा साधूच्या त्या विजयी प्रवाहाला कारखान्याच्या दारात फिरत्या यंत्रातून घालून पुन्हा डी.सी. करण्यात येई. सत्याचा जय झाला त्याच दिवशी सैतानाला जेवणाचे आमंत्रण होते म्हणायचे!

आता मुळात भांडण कशाचे होते ते पाहू; ते समजायला प्राथमिक शाळेतले गणित पुरते. विजेची शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तार तापून जी वीज वाया जाते ती मात्र प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह दहावा हिस्सा लागतो, आणि नुकसान शंभरावा हिस्सा होते. म्हणून दूर जायचे तर दाब वाढवलाच पाहिजे. पण घरातल्या दिव्याला हजारो व्होल्टचा दाब सोसत नाही. म्हणजे जाताना दाब चढवायला आणि पोहोचल्यावर उतरवायला काहीतरी साधन हवे. ए.सी.जवळ ते होते. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची दोन वेटोळी गुंडाळलेला ठोकळा. न फिरणारा, फारसा न बिघडणारा, स्वस्त. गावाबाहेर खांबांवर जो बसवलेला असतो आणि ज्याला आपण ‘डीपी’ म्हणतो तो ह्याचाच वंशज. डी.सी.जवळ तेव्हा असे साधन नव्हते. संपले! एवढ्या एका ठोकळ्यावर तो सामना निकालात निघाला. त्यात ना सत्य होते ना असत्य. होते ते एक साधन, आणि ते एका बाजूला होते, दुसऱ्या बाजूला नव्हते.

एडिसनला हे गणित येत नव्हते असे समजणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने केंद्र सुरू केले तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता अर्ध्या-पाऊण कोसाच्या आतल्या दाट वस्तीला दिवे देण्याचा. त्या अंतराला ११० व्होल्टचा डी.सी. पुरत होता. डी.सी. बॅटरीत साठवता येई, ए.सी. येत नसे. डी.सी.वर मोटर चाले, ए.सी.वर चालणारी कामाची मोटर १८८८ पर्यंत नव्हतीच. आणि त्याच्या तारा जमिनीखालून गेल्या होत्या. उलट उच्चदाबाच्या ए.सी.च्या तारा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कशाही लोंबत असत. १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये एक तारकर्मी भर दुपारी, खाली गर्दी पाहत असताना, त्या जाळ्यात अडकून जळाला. धोक्याची ओरड करण्यात एडिसनचा स्वार्थ होता; पण म्हणून धोका खोटा होता असे कसे म्हणता येईल? लॉर्ड केल्व्हिनसारखा प्रकांड पंडितही नायगारावर ए.सी. नको असेच सांगत होता. एडिसनची चूक होती ती एवढीच की, जे साधन आज आपल्याजवळ नाही ते उद्या आपल्याला लागेल हे त्याला पाहायचे नव्हते.

आणि हीच चूक आज आरती करणारे करत आहेत, फक्त उलट दिशेने. कारण डी.सी. हरून स्वस्थ बसला नव्हता. रने थ्यूरी नावाच्या स्विस इंजिनियराने डी.सी. जनित्रांची माळ ओवून दाब चढवण्याची युक्ती काढली, आणि १९०६ पासून १९३६ पर्यंत मूत्येहून लिऑनला जवळजवळ २०० किलोमीटर डी.सी. वाहत होता. अवजड, कटकटीची व्यवस्था होती, पण तीस वर्षे चालली. पुढे स्वीडनमध्ये उनो लाम याने पाऱ्याच्या वाफेच्या झडपा इतक्या सुधारल्या की त्यांनी प्रचंड दाबाच्या ए.सी.चा डी.सी. करता येऊ लागला आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा ए.सी. १९५४ साली गॉटलंड बेटाला समुद्राखालून डी.सी. गेला, अंतर शंभर किलोमीटरांच्या जरासे आत. १८८२ साली जे साधन डी.सी.जवळ नव्हते ते बहात्तर वर्षांनी त्याला मिळाले. मग पाऱ्याची जागा १९७२ पासून सिलिकनच्या थायरिस्टरने घेतली आणि उरलीसुरली कटकटही गेली.

समुद्राखालून डी.सी.च का, ह्याचे कारण सुरेख आहे. समुद्रातली केबल म्हणजे लांबच लांब रांजणच. तारेवर वेष्टन, बाहेर पाणी. त्यात विद्युत्भार साठतो. ए.सी. सेकंदात शंभर वेळा दिशा पालटतो, म्हणजे शंभर वेळा हा रांजण भरायचा आणि उपसायचा. पन्नास-शंभर किलोमीटर गेले की केबलची सगळी ताकद स्वतःलाच भरण्या-उपसण्यात खर्च होते, पलीकडच्या माणसाला काय देणार कपाळ! डी.सी. हा रांजण एकदाच भरतो आणि मग निवांत वाहतो.

जमिनीवरही डी.सी.ला काही गोष्टी सोप्या जातात. ए.सी.ला तीन तारा लागतात, डी.सी.ला दोन, त्यामुळे मनोरे सडपातळ आणि खालची पट्टी अरुंद. हजार किलोमीटरला नुकसान तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताल. ए.सी.च्या जाळ्यातील प्रत्येक जनित्र दुसऱ्या प्रत्येकाशी तालात फिरावे लागते, हजार पोरांच्या लेझीम पथकासारखे. अंतर लांबले की शेवटच्या पोराला ढोल उशिरा ऐकू येतो. ताल चुकला की सगळी ओळ कोसळते. डी.सी.ने जोडलेल्या दोन पथकांना मात्र एका तालाची गरजच नसते.

हे पुस्तकी वाटत असेल तर जुलै २०१२ आठवा. ३० तारखेला उत्तरेचे जाळे कोसळले, ३१ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या ज्या प्रदेशात राहते तो प्रदेश अंधारात गेला. दक्षिणेला धक्का पोहोचला नाही. कारण दक्षिण तेव्हा बाकीच्या देशाशी एका तालात नव्हती, मध्ये डी.सी.चे दरवाजे होते. त्यांतला एक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला. मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची ए.सी. तार जोडून दक्षिणही त्याच पथकात घेण्यात आली. हेही योग्यच झाले, कारण दक्षिणेला वीज हवी होती आणि एका जाळ्यात देवाणघेवाण सोपी असते. म्हणजे दीड वर्षाच्या आत ए.सी.ने न जोडलेले असणे हे भाग्य ठरले आणि ए.सी.ने जोडणे ही प्रगती ठरली. कोण जिंकले? प्रश्नच चुकीचा आहे.

मुंबईकराला तर हे रोज अंगावर घेऊन प्रवास करावा लागतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली ती १५०० व्होल्टच्या डी.सी.वर. एकूणनव्वद नव्हे, तब्बल एक्क्याण्णव वर्षे मुंबई डी.सी.वर धावली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावरून त्याने निरोप घेतला. आज वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा ए.सी. आहे. पण तो गाडीत शिरला की काय होते? ट्रान्स्फॉर्मर दाब उतरवतो, रेक्टिफायर त्याचा डी.सी. करतो, आणि तिसरे यंत्र त्या डी.सी.चा पुन्हा तीन पदरी ए.सी. करून मोटरींना देते. दारात लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायाखाली साधू आणि सैतान एकाच फळीवर बसलेले असतात. तिकडे खुद्द न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या परंपरेतील डी.सी.चा पुरवठा कंपनीने बंद केला तो २००७ च्या नोव्हेंबरमध्ये. १८९६ साली पराभूत झालेला शत्रू आणखी एकशे अकरा वर्षे शत्रूच्या राजधानीत दिवे आणि लिफ्ट चालवत होता!

असो. आता पडघ्याच्या तारेकडे.

चंद्रपूरला कोळसा आहे, म्हणून तेथे औष्णिक केंद्र आहे. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट. वीज हवी आहे मुंबई-ठाण्याच्या बाजूला. म्हणून १९९९ साली चंद्रपूर ते पडघे अशी ५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॅटची, ७५२ किलोमीटरांची डी.सी. वाहिनी सुरू झाली. विदर्भातून निघायचे, घाटमाथा ओलांडायचा आणि भिवंडी तालुक्यात उतरायचे. इंजिनियरिंगच्या दृष्टीने हे काम उत्तम आहे आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी मला अभिमान वाटतो.

पण ७५२ हा आकडा जरा निरखून पाहा. डी.सी.च्या दोन्ही टोकांना जी रूपांतर केंद्रे लागतात ती फार महाग असतात. वाटेतली बचत हळूहळू साठत जाऊन तो खर्च भरून निघतो. जमिनीवरच्या तारेत हा समतोल साधारणपणे ६०० ते ८०० किलोमीटरांच्या दरम्यान येतो. आपली तार नेमकी त्या सीमारेषेवर उभी आहे. म्हणजे केवळ अंतराने हा निर्णय आपोआप झाला असे कोणी सांगेल तर ते मान्य करू नका. तो तोलून-मापून घेतलेला निर्णय होता. तोलताना तालाचा प्रश्न, मनोऱ्यांखालची जमीन, नुकसानीचे टक्के, हे सगळे पारड्यात होते. एक गोष्ट पारड्यात किती वजनाने होती हा माझा प्रश्न आहे: मधली माणसे.

डी.सी.च्या तारेला मध्ये थांबा नसतो, असे सांगतात. ए.सी.च्या तारेवर वाटेत उपकेंद्र बांधले, ट्रान्स्फॉर्मर ठेवला की मधल्या जिल्ह्याला वीज काढून देता येते. डी.सी.च्या तारेतून मूठभर काढायची तरी रूपांतर केंद्र बांधावे लागते, आणि त्या लहान केंद्रात बिघाड झाला की अख्ख्या तारेला हिसका बसतो. शिवाय ए.सी. सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा स्विच तोडताना ठिणगी आपोआप विझते, डी.सी. शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटतच राहते. ही अडचण खरी आहे. परंतु तिचा फलितार्थ असा की, चंद्रपुरात राख उडते, पडघ्यात वीज उतरते, आणि मधला शेतकरी मनोऱ्याला वळसा घालून नांगरतो. २००५ नंतरची काही वर्षे आठवतात ना? ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास भारनियमन होते आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. त्या काळात डोक्यावर १५०० मेगावॅट आणि घरात कंदील असे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांना ‘सत्याचा जय झाला’ म्हणून सांगायला कोणाची जीभ रेटेल?

येथे लगेच एक सोपी पळवाट काढण्यात येईल. म्हणतील, म्हणजे डी.सी. हा शहरी, भांडवली प्रवाह आणि ए.सी. हा खेड्यापाड्यांचा, लोकांचा प्रवाह! ही तर जुन्याच आख्यानाची नवी आवृत्ती झाली. मुळशी विसरलात काय? १९१५ साली खोपोलीची वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली, तो ए.सी. होता. त्याच कारभाराच्या पुढच्या विस्तारासाठी मुळशीच्या पाण्याखाली मावळातली भातखाचरे गेली, सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झालेच. १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला मिळू लागली. त्या तारांना मध्ये थांबा देता येत होता. तंत्राची काडीची अडचण नव्हती. पण ज्यांची शेते गेली त्यांच्या घरात दिवा लावणे हा त्या तारांचा उद्देशच नव्हता. तेव्हा प्रवाहाला दोष देऊ नका. एकदिशा असो की उलटसुलट, बिचारा जिकडे जोडाल तिकडे जातो.

आणि कायदा? मनोऱ्यासाठी शेतकऱ्याची जमीन रीतसर संपादन करावी लागत नाही. तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी इंग्रजांनी १८८५ साली जे अधिकार घेतले, तेच विजेच्या तारवाल्यांना देण्याची सोय २००३ च्या विद्युत् कायद्याच्या १६४व्या कलमाने कायम ठेवली. १८८५, म्हणजे बुडापेस्टच्या त्या तिघांनी ट्रान्स्फॉर्मर केला ते वर्ष! मनोऱ्याच्या चार पायांखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्टीला फार तर १५ टक्के द्यावेत, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१५ साली सांगितले. २०२४ साली ते वाढवून २०० आणि ३० टक्के केले. वाढ चांगली आहे. पण तार कुठून न्यायची, कोणत्या प्रवाहाची, मध्ये काय द्यायचे, हे तिन्ही प्रश्न मोबदल्याच्या आकड्याआधीचे आहेत आणि ते मधल्या माणसासमोर येतच नाहीत.

मला कोणी म्हणेल की, नुकसान वाचले म्हणजे साऱ्या राज्याचेच वाचले. बरोबर. मग तो हिशेबच मांडा ना! १५०० मेगावॅटमधला एक टक्का म्हणजे १५ मेगावॅट. पाच अश्वशक्तीचे चार हजार पंप त्यावर चालतात. डी.सी. निवडल्यामुळे जे टक्के वाचले ते कोणाच्या खात्यावर जमा झाले? ज्या तालुक्यांवरून तार जाते त्यांच्या उपकेंद्रांवर ते खर्च करा असे म्हणण्यात कोणता विज्ञानद्रोह होतो? तार पडघ्याला थांबो. तिने वाचवलेले चार हजार पंप मध्ये थांबायला हरकत नाही.

राहता राहिला थांब्याचा प्रश्न. ‘डी.सी.ला मध्ये थांबा नसतो’ हे वाक्य कार्यालयांतून अजूनही वेदवाक्यासारखे फेकण्यात येते. ते १९९९ साली बरेचसे खरे होते. पण आसाममधील बिश्वनाथ चारियाली येथून आग्र्याला ८०० किलोव्होल्टची जी डी.सी. वाहिनी गेली, सतराशे किलोमीटरांहून लांब आणि ६००० मेगावॅटची, तिला मध्ये थांबा आहे. पश्चिम बंगालमधील अलीपूरद्वारला. तेथे खर्च करून रूपांतर केंद्र बांधले, ते तारेला जोडले, आणि तार चालते आहे. मात्र हा थांबा वीज उतरवून घेण्यासाठी बांधलेला नाही. भूतानच्या नद्यांवरची वीज तेथे गोळा करून आग्र्याकडे चढवता यावी म्हणून तो बांधला आहे.